मस्कोकाचा सरोवरकाठ आणि रॉक संगीत
कॅनडातील टोरांटोच्या उत्तरेकडील मस्कोका या सरोवरप्रदेशात १८७५ मध्ये ग्रेव्हनहर्स्टपर्यंत रेल्वे पोहोचली आणि प्रथम धनिकांच्या, पुढे मोटारींचे रस्ते झाल्यावर मध्यमवर्गीयांच्याही ‘कॉटेज’ची, म्हणजे अनेकदा वारशाने चालत येणाऱ्या उन्हाळी घरांची, प्रथा रुजली. शनिवार-रविवारच्या या मुक्कामाला संगीताची जोड मिळाली ती बाला गावात. तेथे जेरी डन यांनी १९४२ मध्ये पाण्याकाठी उभारलेल्या नृत्यगृहात लुई आर्मस्ट्राँगसारखे जॅझवादक येत, आणि पुढे ‘द की टू बाला’ हे नाव धारण केलेल्या त्याच वास्तूत रॉकच्या मैफली होऊ लागल्या. शांततेसाठी शहर सोडणाऱ्यांनी गिटारींच्या गजरासाठी गर्दी करावी, हा विरोधाभास वरवरचाच होय. कारण तेथील उन्हाळाच मुळी अल्पजीवी, त्यामुळे निवांतपणा आणि जल्लोष दोन्ही त्यातच साधून घ्यायचे असतात. ओंटारियोच्याच ‘द ट्रॅजिकली हिप’ या वाद्यवृंदानेही हा मंच गाजवला.