भाराची दोन टोके आणि ओझर

नाशिकचा इतिहास सांगताना गोदाघाट, पांडवलेणी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि कुसुमाग्रज यांच्यापाशी आपण रमतो. ओझरला मात्र ‘तेथे विमाने बनतात’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. आम्हीही तेच करीत आलो. एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या अंतराळस्थानकावर गेलेले, जवळजवळ आठ दिवसांचा अवकाशप्रवास करून आलेले राकेश शर्मा १९८७ ते १९९२ या काळात ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते. ज्या देहाने भाराचा अभाव अनुभवला, तोच देह पुढे लढाऊ विमानांत कितीतरी पट भार सोसत राहिला. (ओझरच्या नावात ओझे ऐकू येते, हा योगायोगच.) कृत्रिम गुरुत्वाचा प्रश्न या दोन अनुभवांच्या मधोमध उभा आहे.

विमान वेगाने वळते तेव्हा वैमानिकाचा देह सरळ रेषेत जाऊ पाहतो आणि आसन त्याला वळणाच्या आत रेटते. हा रेटाच देहाला वजन वाटतो. हृदयापासून मेंदूपर्यंतचे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर; तेवढी चढण चढताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरने उतरतो. भार पाचपट झाला की ही उतरणही पाचपट होते आणि सैल बसलेल्या माणसाच्या मेंदूला रक्त पोहोचेनासे होते. आधी रंग फिके पडतात, मग डोळ्यांपुढे अंधार येतो, मग शुद्ध हरपते. म्हणून तर पाय आणि पोट आवळणारा पोशाख घालावा लागतो.

भाररहित अवस्थेत याच्या उलट घडते. रक्त डोक्याकडे सरकते, चेहरा सुजतो. पुढे स्नायू रोडावतात आणि खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. शर्मा यांनी तेथे योगाभ्यासाचा प्रयोग करून पाहिला होता. दीर्घ प्रवासासाठी मात्र फिरत्या घराचा उपाय रशियन शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी फार पूर्वीच सुचवला होता. अशा चाकात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांची डोकी एकमेकांकडे असतील आणि दोघेही आपापल्या पायांकडच्या दिशेलाच ‘खाली’ म्हणतील. पृथ्वीच्या पलीकडची माणसेही आपल्यासारखीच निर्धास्त उभी असतात, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिले होते. त्यावरून न्यूटनचे श्रेय आपल्याकडे ओढण्याचा मोह वर्गात टाळावा, असे आमचे मत. त्या निरीक्षणाचे मोल त्यावाचूनही उणे होत नाही.

‘कृत्रिम’ या शब्दाने आपण फसतो. साहित्यात तो दोषवाचक. हाडांना मात्र रेटा कुठून आला याच्याशी कर्तव्य नसते. १९७७ मध्ये कॉसमॉस ९३६ या उपग्रहात फिरत ठेवलेल्या उंदरांच्या हाडांची झीज कमी झालेली आढळली. हे सोंग ओळखतो तो कान. फिरत्या खोलीत नुसती मान वळवली तरी अंतर्कर्णातील द्रव भलत्याच दिशेने हलतो आणि मळमळू लागते. अमेरिकेत पेन्साकोला येथे १९५८ पासून अशा खोलीत माणसे ठेवून पाहिली गेली. मिनिटाला एक फेरा बहुतेकांना सोसला, दहा फेऱ्यांत अनेक जण आजारी पडले. फेरे दोनच ठेवून पृथ्वीइतका भार हवा असेल, तर चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. १९६६ मध्ये जेमिनी ११ हे यान दुसऱ्या यानाला ३० मीटरच्या पट्ट्याने बांधून फिरवले गेले, पण त्यातून निर्माण झालेला भार इतका सूक्ष्म होता की आतल्या दोघांना तो जाणवलाही नाही.

२०१९ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे २४ जण ६० दिवस डोके किंचित खाली करून अंथरुणावर पडून राहिले. त्यांपैकी १६ जणांना रोज अर्धा तास आखूड भुजेच्या यंत्रात गरगर फिरवले जात होते. स्नायूंची आणि हाडांची हानी रोखण्यास तेवढी मात्रा पुरी पडली नाही. मात्रा वाढवून माणसाला महिनोन्महिने त्यात ठेवून पाहावे, असे चाक अवकाशात अद्याप कोणी उभारलेले नाही.