परवाना-पुराण

आमच्या लहानपणी घरात तीन वस्तू देवघरातल्या टाकांइतक्या जपल्या जात. रेशनकार्ड, रेडिओचं लायसन्स आणि सायकलचा बिल्ला. रेशनकार्ड कशाला ते सांगायला नको. रेडिओचं लायसन्स म्हणजे एक छोटेखानी पुस्तक असे. दरवर्षी पोस्टात रांग लावून पैसे भरायचे आणि त्यात नोंद करून आणायची. म्हणजे रेडिओ आपला, वीज आपण पैसे देऊन घेतलेली, कान तर जन्मापासूनचे. तरी 'आपली आवड' ऐकायला दिल्लीची संमती लागे. ही भानगड ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. आज हे नातवंडांना सांगितलं की ती आपल्याकडे अशी बघतात, की आजोबांना आता डॉक्टरला दाखवावं.

या सगळ्याला एक झकास नाव ठेवलं ते राजाजींनी. चक्रवर्ती राजगोपालाचारी. स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल. त्यांनी म्हटलं, हे स्वराज्य नव्हे, हे 'परमिट-लायसन्स-कोटा राज' आहे. आणि १९५९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ज्या वयात आपण नातवाच्या मुंजीत पुढच्या खुर्चीवर बसण्यापलीकडे महत्त्वाकांक्षा धरत नाही, त्या वयात त्यांनी नवा पक्ष काढला. स्वतंत्र पक्ष. जोडीला मिनू मसानी. हे गृहस्थ एके काळी मुंबईचे महापौर आणि त्याआधी, १९३४ साली, काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. समाजवादाला आतून पाहिलेला माणूस; सोडचिठ्ठी दिलेल्या बायकोबद्दल बोलावं तशा जिव्हाळ्यानं तो समाजवादाबद्दल बोले.

पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारनं चोर पकडावेत, सरहद्द राखावी, रस्ते बांधावेत, पण कोणी किती साबण करावा आणि कितीला विकावा, हे सरकारनं सांगू नये. आता हे ऐकायला इतकं साधं वाटतं, की यासाठी पक्ष कशाला काढावा असं तुम्ही म्हणाल. पण १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवी वस्तू करायला परवाना. आणि परवान्यात लिहिलंय त्याहून जास्त माल काढला तर शाबासकी नव्हे, गुन्हा! मास्तरांनी जास्त मार्क मिळवणाऱ्या पोराला छड्या माराव्यात, तसला हा प्रकार.

आमचे एक काका या पक्षाचे कट्टर भक्त होते. आणि नोकरी कुठे, तर रेशनिंग खात्यात! दिवसभर साखरेच्या अर्जांवर शेरे मारायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सरकारच्या नावानं बोटं मोडायची. मी एकदा विचारलं, "काका, तुमचा पक्ष निवडून आला तर तुमचं खातंच बंद होईल की हो!" काका म्हणाले, "अरे, म्हणून तर मत देतो. येत नाही ना निवडून." राजकारणातलं इतकं स्वच्छ गणित मी नंतर कुठे ऐकलं नाही. महाराष्ट्रानंही काकांच्या हिशेबाला तडा जाऊ दिला नाही. पक्षाचं पूर्वतयारीचं अधिवेशन मुंबईत भरलं, पण या राज्यातून लोकसभेत पक्षाचा एकही माणूस गेला नाही. गुजरात, राजस्थान, ओरिसा आणि इतर राज्यं मिळून १९६७ साली चव्वेचाळीस खासदार झाले. आपण मात्र टाळ्या वाजवून घरी आलो.

काकांना हसू नका. खुद्द राजाजींच्या खात्यावरही अशीच एक जमा आहे. १९३७ साली ते मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. दारूचा महसूल बुडाला. तो भरून काढायला त्यांनी १९३९ साली सरसकट विक्रीकर बसवला, जो पुढे साऱ्या देशानं आनंदानं उचलला. म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यात सरकारचा हात पहिल्यांदा घातला तो, पुढे सरकारचे हात बांधायला निघालेल्या ऋषीनंच. सरकार दुसऱ्याचं असलं की सरकारी सत्ता फार टोचते. आपलं असलं की तीच समाजसुधारणा होते.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं, तिजोरीत खडखडाट. १९६३ च्या जानेवारीत मोरारजीभाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरटच्या वर करायचा नाही. दिल्लीत बसून हे फार सोपं वाटलं असेल. पण चौदा कॅरटचं सोनं कडक. बावीस कॅरटच्या मऊ सोन्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हात त्यावर चालेना. आणि गिऱ्हाईक म्हणे, पितळच घालायचं तर सोनाराकडे कशाला येऊ? आमच्या आळीत एक सोनार होते. पुढे दुकान, मागे घर. त्या वर्षी त्यांची भट्टी थंड झाली. फुंकणी आणि चिमटे फडक्यात बांधून माळ्यावर गेले आणि ते स्वतः एका किराणा दुकानात पुड्या बांधायला लागले. ज्या बोटांनी ठुशीचे मणी ओवले, ती बोटं सुतळीच्या गाठी मारत होती. आई त्यांच्याकडून मुद्दाम साखर घ्यायची नाही. म्हणायची, "त्यांना बघवत नाही." देशभर लाखो कारागिरांचा धंदा गेला, काहींनी जीव दिले. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली, पण १९६८ ला पुन्हा नवा कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला. तोपर्यंत सोनं काय देशात येत नव्हतं? येत होतं की. रात्री, समुद्रातून. कायद्यानं कारागीर घरी बसवला आणि स्मगलरला कामाला लावलं.

करांचंही तेच. १९७३-७४ साली दोन लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभार धरून पावणेअठ्ठ्याण्णव टक्के आयकर होता. म्हणजे शंभर रुपये मिळवा आणि सव्वादोन घरी न्या! हे ऐकून काका म्हणाले, "इतका प्रामाणिक माणूस देशात एखादाच असेल, त्याचा सत्कार केला पाहिजे."

तरी स्वतंत्र पक्षाची आरती पुरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात माणसं जगली ती सरकारनं काढलेल्या खडी फोडायच्या कामांवर आणि रेशनच्या धान्यावर. त्या वेळी बाजाराच्या भरवशावर राहिलो असतो तर काय झालं असतं, याचं उत्तर पक्षातल्या राजेरजवाड्यांपाशी नव्हतं. शिवाय ज्या पक्षात महाराणी आणि कारखानदार पुढच्या रांगेत, तो पुड्या बांधणाऱ्या सोनाराचा आहे हे सोनाराला कोण पटवणार? १९७१ साली पक्ष आठ खासदारांवर आला, मसानीही पडले. राजाजी १९७२ च्या डिसेंबरात गेले आणि १९७४ साली पक्ष चरणसिंगांच्या लोकदलात विरून गेला.

हाच विचार पुढे आपल्याकडे आला तो सुटाबुटातून नव्हे, मातीतून. शरद जोशी आधी पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये नोकरी. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, १९८० साली कांद्याचं आंदोलन केलं आणि १९९४ मध्ये पक्ष काढला, स्वतंत्र भारत पक्ष. महाराष्ट्रात तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्यानं आपलाच कापूस शेजारच्या राज्यात विकला तर तो चोर. सरकारशी भांडायला सरकारी नोकरच लागतो, हा काकांचा सिद्धांत तिथेही खरा ठरला.

आणि २४ जुलै १९९१ ला, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, नरसिंह राव सरकारनं अठरा उद्योग सोडून बाकीच्यांचे परवाने रद्द केले. करणारे कोण, तर काँग्रेसवालेच! राजाजी असते तर गालात हसले असते. काका तेव्हा होते. पेपर वाचून त्यांनी मला विचारलं, "ते अठरा कोणते?" मी यादी वाचली. त्यात साखर होती, दारू होती. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे आमचं खातं अजून आहे म्हणायचं."