रुपेरी पडदा आणि श्रमजीवी कन्या

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगूं लागलें कीं, बहुधा कर्त्या पुरुषांच्या नांवांपासून आरंभ होतो. कोणी भांडवल उभें केलें, कोणी कॅमेरा आणला, कोणाची कंपनी कोणत्या वादांतून फुटली, हें सारें आपल्या ग्रंथकारांनीं कसोशीनें नोंदवून ठेविलें आहे. परंतु ज्या कोंवळ्या वयाच्या मुलींनीं या धंद्यास आपले श्रम दिले, त्यांच्या रोजमुऱ्याचा हिशेब या ग्रंथांतून क्वचितच आढळतो. या लेखांत आम्ही दोन मुलींचा विचार करणार आहों. एक कॅमेऱ्यापुढें राबणारी, आणि दुसरी कष्टकरी घरांतली, जिची कथा पडद्यावर यावयास पाहिजे होती. या दोघींची गांठ पडावयास फार काळ लागला. तो कां लागला, हा आमचा प्रश्न आहे.

सन १९१३ च्या ३ मे रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्यांतील तारामती साळुंके नांवाच्या एका तरुणानें रंगविली, आणि हा तरुण मूळचा एका उपाहारगृहांतील स्वयंपाकी, ही कथा सर्वश्रुत आहे. कुलीन स्त्री राहोच, कलावंतिणीही या नव्या धंद्यास तयार होईनात. तेंच वर्ष संपतें न संपतें तों फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या पुढल्या चित्रपटांत दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची कन्या कमला. कमलेचें वय तेव्हां तेरा वर्षांच्या आसपास होतें.

या घटनेचें वर्णन करतांना आपले लेखक 'धाडस' हा शब्द योजतात. तो खोटा नाहीं. पण अपुरा आहे. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या, पदरीं मूल, आणि त्या काळीं एकट्या स्त्रीला मानानें भाकर मिळविण्याच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या. मायलेकी नाटकमंडळींच्या बिऱ्हाडाबरोबर गांवोगांव हिंडत, आणि मुलगी अगदीं लहानपणापासून रंगभूमीवर उभी राही. तेव्हां भारतीय चित्रपटांतील ही पहिली बालिका कीर्तीच्या हौसेनें नव्हे, तर चूल पेटावी म्हणून कॅमेऱ्यापुढें आली, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. पुढें कमलाबाई रघुनाथराव गोखल्यांच्या पत्नी झाल्या, तरुणपणींच विधवा झाल्या, आणि तीन मुलांचा संसार त्यांनीं रंगभूमीवरील कामावरच ओढला. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र. १९९१ च्या सुमारास रीना मोहन यांनीं वृद्ध कमलाबाईंवर एक माहितीपट केला, म्हणून तरी त्यांचा आवाज आपल्या कानीं आला. सात-आठ दशकें कोणी पुसलें नव्हतें, हेंही त्याबरोबरच लक्षांत ठेवावें.

तेरा वर्षांची मुलगी पडद्यावर आली. पण आली ती मोहिनीचें रूप घेऊन. पुराणकथांचा हा बहर ओसरूं लागला तेव्हां बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' काढला. ना. ह. आपट्यांच्या कथेवरील या मूकपटांत शेतकरी कर्जांत बुडतो, जमीन गमावतो आणि शहराची वाट धरतो. आपल्या चित्रपटांतील वास्तववादाचा हा एक आरंभ, असें जाणते सांगतात, आणि तें आम्हांस मान्य आहे. तथापि दुःखाचा नायक येथेंही पुरुषच आहे. त्याच शेतकऱ्याची मुलगी तान्ह्या भावास कडेवर घेऊन बांधावर उभी असेल, आईबरोबर खुरपणीस जात असेल. तिच्यावर कथा रचावी, असें त्या काळांत सहसा कोणास सुचलें नाहीं. १९३७ च्या 'कुंकू' मध्यें शांता आपटे यांनीं रंगविलेली नीरा जरठ पतीशीं झगडली, आणि तिच्या रूपानें तरुण स्त्रीचा निषेध पडद्यावर प्रथम इतका स्पष्ट बोलला. परंतु तो मध्यमवर्गीय घरांतला निषेध होता. पोटाचा प्रश्न त्याच्या सीमेबाहेर राहिला.

पोटाचा प्रश्न होता तो पडद्यामागें. 'कुंकू'च्या आदल्या वर्षीं, १९३६ मध्यें, 'विजयाची लग्नें' या चित्रपटांत रतन साळगांवकर नांवाची एक मुलगी आली. तिचेंही वय तेराच. कुळाच्या नांवास बट्टा नको म्हणून तिला नवें नांव मिळालें, हंसा वाडकर. या एका गोष्टींत सारी विसंगति सांठविलेली आहे. मुलीची कमाई घरास चालत होती. चालत नव्हतें तें तिचें खरें नांव. लग्न करून घरांत बसावें, ही तिची साधी इच्छाही पुरी झाली नाहीं, आणि विवाहानंतरही काम सुटलें नाहीं. हें सारें तिनें पुढें आपल्या तोंडानें सांगितलें, आणि 'सांगत्ये ऐका' हें तिचें आत्मकथन १९७० मध्यें ग्रंथरूपानें निघालें. त्याच्या आधारानें श्याम बेनेगलांनीं १९७७ सालीं 'भूमिका' केला. शांता आपट्यांनीं १९३९ मध्यें प्रभातच्या फाटकाशीं उपोषण आरंभिलें आणि पुढल्या वर्षीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक लिहून या धंद्यांतील भांडवल आणि श्रम यांचें नातें उघड मांडलें. नटी ही कामकरीण आहे, हें नटीनेंच म्हणावें लागलें.

यावर कोणी म्हणेल, 'या कलावती होत. त्यांस मजूर कां म्हणतां?' आमचें उत्तर इतकेंच कीं, कला आणि मजुरी हीं परस्परविरोधी नाहींत. ज्या कामाचे तास दुसरा ठरवितो, ज्याचे पैसे दुसरा मोजून घेतो आणि जें सोडण्याची मुभा करणाऱ्यास नसते, तें काम कितीही सुंदर असलें तरी मजुरीच होय. कायद्यासही अखेर हें पटलें. बालकामगारांविषयींच्या कायद्यांत २०१६ मध्यें दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनीं बालकलावंतास पांच तासांहून अधिक काळ राबवूं नये, त्याच्या कमाईचा निदान पांचवा हिस्सा त्याच्याच नांवें बँकेंत ठेवावा, असें ठरविलें. कमला कामत कॅमेऱ्यापुढें आल्यास तेव्हां शंभर वर्षें उलटून गेलीं होतीं.

आतां दुसऱ्या मुलीकडे वळूं. तिला शोधावयास आमच्या पनवेलहून दूर जावें लागत नाहीं. गांवाजवळच्या कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आणि त्यावरील आग्या मधमाश्यांचीं पोळीं सर्वांनीं पाहिलीं आहेत. याच परिसरांतील ठाकरांच्या जीवनावर गो. नी. दांडेकरांनीं 'जैत रे जैत' ही कादंबरी लिहिली, आणि जब्बार पटेलांनीं १९७७ मध्यें तिचा चित्रपट केला. त्यांतील चिंधी स्वतःच्या मनानें नवरा सोडते आणि स्वतःच्या मनानें नाग्याला वरते. स्मिता पाटील यांनीं ती अविस्मरणीय केली. त्याच वर्षीं त्याच नटीनें 'भूमिका'ही केला, हा योगायोग मोठा बोलका आहे. परंतु चिंधी शेवटीं गाण्यांतली आणि दंतकथेंतली राहते. पावसाळा सरला कीं, रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर शाळा सोडून धाकट्या भावंडांस सांभाळणारी जी मुलगी निघते, तिला अद्याप कोणाचें गाणें लाभलेलें नाहीं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्यें तिची महानगरपालिका झाली. या वाढत्या नगराच्या भिंतींतल्या विटा मात्र कोणी वाहिल्या, हें नगराच्या बखरींत येत नाहीं.

येथें लघुपटाचें महत्त्व आम्हांस वाटतें. मोठ्या चित्रपटास मोठें भांडवल लागतें, आणि भांडवलास गाणीं व सुखान्त लागतात. वीस-बावीस मिनिटांच्या कथेवर हें ओझें नसतें. २०२४ च्या 'अनुजा' या लघुपटांत दिल्लीच्या एका शिवणकारखान्यांत दोन बहिणी राबतात. धाकटी नऊ वर्षांची, थोरली वयांत येऊं लागलेली. धाकटीपुढें एकीकडे शाळेची परीक्षा आहे आणि दुसरीकडे कारखान्याची नोकरी. आणि तिनें काय निवडलें, हें दिग्दर्शक सांगत नाहीं. अनुजा होणारी मुलगी स्वतः एकेकाळीं बालमजूर होती. कॅमेऱ्यापुढें राबणारी आणि कष्टकरी घरांतली, या आमच्या दोन मुली येथें एकाच देहांत भेटल्या.

अशी भेट मराठींत वारंवार व्हावी, ही आमची इच्छा आहे. मात्र केवळ कणव उत्पन्न करणारें चित्र पुरें पडणार नाहीं. कष्टकरी मुलीची कथा सांगणाऱ्यानें तीन प्रश्न आधीं स्वतःस पुसावे: तिच्या श्रमाचें मोल कोणाच्या हातीं पडतें? काम सोडण्याची मुभा तिला आहे काय? आणि ही कथा तिच्या शब्दांत आहे कीं आपल्या? कमलाबाईंना हे प्रश्न कोणी वेळेवर विचारले नाहींत. हंसाबाईंनीं ते आपणच विचारून आपणच त्यांचीं उत्तरें दिलीं. पुढल्या मुलीवर तरी ती पाळी येऊं नये.