रेडिओचा खर्च कोण भागवतो?

बचत गटात नवी बाई आली की आम्ही तिला आधी हिशेबाची वही दाखवतो. पैसा कुठून आला, कुठे गेला हे कळलं की गट कसा चालतो ते वेगळं सांगावं लागत नाही. आज तशीच वही आपण रेडिओची उघडणार आहोत. गावाकडची छोटी केंद्रं आज ओढाताणीत का आहेत आणि ती टिकतील कशी, हे त्या हिशेबातून बरंचसं समजतं.

पहिलं पान मुंबईचं. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. महिन्याभरानंतर कलकत्त्याचं सुरू झालं. ही कंपनी खासगी होती. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना फी भरायची आणि तिचा मोठा वाटा कंपनीला मिळायचा. त्या काळात दहा रुपये म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत, आणि रेडिओ तर बंगल्यातली वस्तू. १९२९ संपलं तरी साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या आतच होते. फी न भरता ऐकणारेही बरेच होते. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बंद पडली. एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं.

दुसरं पान सरकारी खर्चाचं. स्वातंत्र्यानंतर केंद्रं वाढली, २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झालं. याच केंद्रावरून १९५६ मध्ये एक प्रयोग झाला, तो आपल्या गटांच्या बायांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या दीडशे गावांत श्रोतामंडळं बांधली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे दहा आठवडे कार्यक्रम झाले. मंडळातल्या लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर बोलायचं, ठरेल ते गावात करून पाहायचं. मंडळाचा निमंत्रक चर्चेचं टिपण आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळं नसलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली, असं तिच्यात दिसलं. १९५९ पासून ही पद्धत देशभर नेली. पण मंडळांचा सगळा आधार वरून येत होता. वरचं लक्ष कमी झालं तशी ती मागे पडत गेली.

तिसरं पान जाहिरातीचं. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूरला. २००१ पासून खासगी एफएम आलं. त्याचे परवाने लिलावात घ्यावे लागत. लिलावात पैसे ओतणारा ते वसूल करणारच. त्यामुळे हे रेडिओ गेले बाजारपेठ असलेल्या शहरांत. त्यांच्यावर गाणी छान लागतात. पण आपल्या तालुक्यात शेळ्यांना लस कधी टोचणार हे त्यांनी सांगावं तरी कशासाठी? शेळीवाली काही त्यांची गिऱ्हाईक नव्हे.

आता आपलं पान. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी पुढे अकरा वर्षं गेली. आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना.

आंध्रातल्या, म्हणजे आताच्या तेलंगणातल्या, झहीराबादजवळच्या बाया तर आधीपासून तयारच होत्या. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या या दलित शेतकरी बाया. परवाना नव्हता तेव्हा त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायच्या आणि कॅसेट संघमाच्या बैठकीत लावायच्या. बियाणं, बाजरी-ज्वारी, औषधी झाडपाला, जुनी गाणी, सगळं आपल्या बोलीत. १५ ऑक्टोबर २००८ ला मचनूर गावातून त्यांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. माणदेशीच्या बायांची बँक त्याआधीच, १९९७ पासून चालू होती. दोन्ही ठिकाणी बायांचं संघटन आधी उभं राहिलं आणि रेडिओ मागून आला. या गोष्टीला आम्ही फार महत्त्व देतो.

आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रं आहेत. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्यात दुकानं किती आणि जाहिराती किती! २०२४ च्या नियमांनी तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरात करायला मुभा दिली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. गुणाकार करून पाहा. सगळी बारा मिनिटं भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात. पण लहान केंद्राची बारा मिनिटं भरतात कुठे? सरकारी जाहिरात मिळाली तरी बिल निघायला वेळ लागतो. वीज, दुरुस्ती, मुलींचं मानधन मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं. एखाद्या प्रकल्पाचा निधी असेपर्यंत भागतं, प्रकल्प संपला की कार्यक्रमांचे तास कमी होऊ लागतात. शिवाय ऐकायचं कशावर हाही प्रश्न आहेच. बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये एफएम मिळत नाही. ते चालू ठेवा, असं सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं, पण ते कळवणं सल्ल्यापुरतंच होतं.

मग आपण काय करायचं? आपल्याला तीन कामं सुचतात. पहिलं, महिन्याच्या बैठकीत एक कार्यक्रम एकत्र ऐकायचा, आणि काय पटलं, काय विचारायचं आहे ते ठराव-वहीत लिहून केंद्राला कळवायचं. पुण्याच्या १९५६ च्या प्रयोगातलं हे काम पैशाशिवाय होतं. दुसरं, गटाचे पापड, चटण्या, शिवणकाम यांची जाहिरात आधी इथे द्यायची, आणि फुकट मागायची नाही. पन्नास गटांनी वर्षाला पाचशे रुपये दिले तर पंचवीस हजार होतात. केंद्र त्यावर चालणार नाही, पण एखादा बिघाड दुरुस्त होईल आणि केंद्र बंद पडायचं वाचेल. तिसरं, केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या बाया असाव्यात असं नवे नियम सांगतात. आपल्या केंद्राच्या समितीत कोण आहे ते विचारायचं. जागा रिकामी असेल तर हिशेब कळणारी बाई पाठवायची.

पहिल्या कंपनीला श्रोते पुरले नाहीत. श्रोतामंडळांना वरचा आधार पुरला नाही. आपल्याकडे आज दर महिन्याला भेटणारे, वही ठेवणारे गट गावोगाव आहेत. त्या वहीत येत्या बैठकीपासून रेडिओच्या नावाचा एक रकाना पाडू या.