दोन दारांची गाडी

गेल्या दसऱ्याला आमच्या दारात नवी मोटारगाडी आली. निवृत्ती तोंडावर आलेल्या मुख्याध्यापकाने या वयात असली गाडी घ्यावी का, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या शिक्षकखोलीत आणि काकतीच्या बसथांब्यावर अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी चर्चेला आला. गाडी आटोपशीर आहे. तिचे छप्पर मागे सरळ न जाता घरंगळत उतरते, आणि पाय दाबला की ती अशी काही उसळते की सौभाग्यवतींचा हात आपोआप वरच्या कडीकडे जातो. विक्रेत्या तरुणाने तिचे वर्णन करताना 'कूपे' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की तो माझ्याही तोंडी बसला. शाळेच्या फाटकापाशी पोरांचा घोळका जमला तेव्हा मीही तो ऐटीत वापरला. नववीतल्या एकाने लगेच विचारले, "सर, कूपे म्हंजे काय?"

इतिहासाचा एम. ए. झालेल्या माणसाला उत्तर येऊ नये हे बरे नव्हे. उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली आणि शोधत बसलो. त्या शोधातून हा लेख निघाला.

वाचकहो, हा शब्द आपल्या पिढीला तसा परका नाही. रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोनच बाकांचा एक चिमुकला डबा असे, त्याला कूपे म्हणत. नवविवाहितांना तो मिळाला तर भाग्य, नाहीतर बाकी सगळे चार बाकांत. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. घोड्याच्या बंद गाडीत समोरासमोर दोन बैठका असत. त्यांतली पुढची बैठक कापून टाकली की दोघांपुरती हलकी, सुटसुटीत गाडी उरे. पुढे मोटारी आल्या आणि हे नाव दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या गाडीला चिकटले. म्हणजे कूपेचे मर्म वेगात नाही, वगळण्यात आहे. दोघांनी बसावे आणि बाकीच्यांनी घरी राहावे, असा तिचा सरळ हिशेब. या व्याख्येला धरून पाहिले तर माझी गाडी कूपे नव्हेच. तिला चार दारे आहेत! छप्पर तेवढे कूपेचे आणि पोट एकत्र कुटुंबाचे. दुसऱ्या दिवशी वर्गात हे कबूल केले तेव्हा पोरे मनापासून हसली.

खरी दोन दारांची गाडी मी जवळून एकच पाहिली. ती निपाणीच्या माझ्या धाकट्या मामाची.

मामा तंबाखूच्या वखारीत बसायचा. साधारण १९७७ साली त्याने कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडून जुनी स्टँडर्ड हेरल्ड घेतली. रंग सायीसारखा. त्या काळी रस्त्यावर गाडी म्हणजे एकतर अँबेसेडर, नाहीतर कुर्ल्याची फियाट. अँबेसेडर बसायला ऐसपैस आणि फियाट चालवायला चपळ. हेरल्ड दोन्हींहून वेगळी, अंगाने बारीक आणि कडांना टोकदार. तिचे बॉनेट पुढच्या दोन्ही मडगार्डांसकट अख्खेच्या अख्खे समोर कलंडत असे. आतले यंत्र उघडे पडले की मामा पुढच्या चाकावर बसून पाना फिरवायचा आणि आम्ही भाचरे भोवती उकिडवी. वळायला तर ती रिक्षासारखी. पंचवीस फुटांच्या वर्तुळात गर्रकन फिरे, त्यामुळे निपाणीच्या पेठेतल्या बोळांत मामाला कधी मागे घ्यावी लागली नाही. "हिच्याच सांगाड्यावर विलायतेत शर्यतीसारखी दोन माणसांची गाडी करतात," असे तो छाती काढून सांगे. ती थाप असणार असे आम्ही धरून चाललो होतो. पण ते खरे निघाले. ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही खेळकर गाडी १९६२ मध्ये हेरल्डच्याच सांगाड्यात फेरफार करून निघाली आणि दोन्हींचे रूप घडवणारा माणूस एकच, इटलीचा मिकेलोत्ती.

हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला निघाली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बांधायला घेतली. इंजिन ९४८ घनसेंटिमीटरचे. तेव्हा देशात गाडी कोणी, किती आणि कसली करायची हे दिल्लीत ठरे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत परदेशी भाग जुळवून गाड्या बनवीत होती. नुसती जुळवाजुळव चालणार नाही, भाग इथेच घडवा, असे १९५३ मध्ये सरकारने बजावल्यावर तिने गाशा गुंडाळला. उरले मोजके तीन घरवाले: कलकत्त्याकडे हिंदुस्तान, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत प्रीमियर. यातली प्रीमियर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली, म्हणजे एका परीने आपल्या घरची. धोरणात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. भाग इथे घडू लागले म्हणून तर पुढे बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टवर हात बसलेले कारागीर तयार झाले. पण तिघांनाच परवाना दिला की चौथ्याने काय करायचे, याचे उत्तर त्या धोरणात नव्हते.

तो चौथा माणूस आपल्या शेजारीच होता. निपाणीहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा इचलकरंजीत.

त्यांचे नाव शंकरराव कुलकर्णी. शाळा सातवीपर्यंत. (हे वाक्य लिहिताना मुख्याध्यापकाचा हात जरा अडखळतो.) साधारण १९४५ पासून त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि १९४९ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आणली. ती दोनच माणसांची होती. लक्षात घ्या, देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे झालेली, संविधान अजून अमलात यायचे होते, आणि मागांच्या खडखडाटात बुडालेल्या एका गावात एक माणूस स्वतःच्या डोक्याने मोटार बनवत होता. पुढे पंचवीसेक वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. गाडीचे नाव 'मीरा'. स्प्रिंगांऐवजी त्यांनी रबराचा वापर करून धक्के शोषायची युक्ती काढली होती. १९७५ च्या शेवटच्या नमुन्यात मागच्या बाजूला दोन सिलिंडरांचे, चौदा अश्वशक्तीचे इंजिन होते, लिटरला वीसेक किलोमीटर चाल होती, आणि किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा त्यांचा मनोदय होता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणारा तो जमाना, हे विसरू नये.

मीरा विक्रीला आलीच नाही. नमुने झाले, कौतुक झाले, पण कारखाना उभा राहिला नाही. स्वस्त छोटी गाडी हवी, असे सरकारच्या समित्याच १९६० पासून म्हणत होत्या. एल. के. झा समितीचे नाव त्यात नेहमी येते. हवी होती तीच वस्तू इचलकरंजीत तयार उभी होती आणि कागद दिल्लीत फिरत होते. पुढे सरकारने स्वतःच १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन केला, जपानी सुझुकीचा हात धरला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. मारुतीने देशाला चांगली गाडी दिली यात वाद नाही. मीरा तिच्यासमोर टिकली असती का, हेही छातीवर हात ठेवून सांगता यायचे नाही, कारण नमुना करणे वेगळे आणि रोज शंभर गाड्या एकसारख्या बाहेर काढणे वेगळे. पण हरायला तरी मैदानात उतरू द्यायला हवे होते, असे मला वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तिथून कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला, पण नांगर करू नका असे कोणी म्हटले नव्हते. शंकररावांची गोष्ट निराळी झाली.

मामाच्या हेरल्डची हकिगत अर्धवट राहिली. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवला. आंदोलन एप्रिलपर्यंत चालले, शेवटी गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. मामा वखारीतला माणूस, पण आजोळची शेतीही तंबाखूचीच. घरात दोन्ही बाजू होत्या आणि जेवताना कोणी कोणाशी बोलत नसे. गाडी तेवढे दिवस पत्र्याखाली उभी होती. पण ती गेली ती या कारणाने नव्हे.

त्याच वर्षी पावसाळ्यात आज्जी तुळशीपाशी पाय घसरून पडली. मांडीचे हाड मोडले. रात्रीची वेळ, कोल्हापूर गाठायचे. मामाने गाडी दाराशी लावली, पुढची बैठक कलती केली, आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले की पाय न वाकवता आज्जीला मागे सरकवण्याची सोयच नाही. पुढे बसवावे तरी पाय पसरता येत नव्हता. दोघांनी खांद्याला धरले, एकाने पायाला, आज्जी एकदाच ओरडली आणि मग दात आवळून गप्प झाली. शेवटी शेजारच्यांच्या टेंपोत गादी टाकून तिला नेले. मामा हेरल्ड घेऊन टेंपोच्या मागोमाग गेला, एकटाच. दोष गाडीचा नव्हता, ती असल्या कामासाठी केलेलीच नव्हती. आज्जी बरी झाली, काठी घेऊन बारा वर्षे हिंडली. पण मामाने दिवाळीच्या आत गाडी विकली. संकेश्वरचा मिस्त्री ती न्यायला आला तेव्हा भोवती एक फेरी मारून म्हणाला, "एरडऽ बागला अदावल्री!" दोनच दारे आहेत की हो! मामा म्हणाला, "हूं. अदक्क कोडतेनी." म्हणूनच देतोय.

आता मागे वळून पाहिले तर हे एकट्या मामाचे झाले नाही. मद्रासच्या कंपनीनेही साठच्या दशकाच्या अखेरीस खास इथल्या गिऱ्हाइकांसाठी हेरल्डला चार दारे बसवली होती, आणि १९७२ नंतरची गॅझेल चार दारांचीच निघाली. बंगळूरच्या सनराइज कंपनीने आधी 'बादल' नावाची तीन चाकांची गाडी काढली. मग १९८२ मध्ये विलायतेच्या रिलायंट किटनवरून दोन दारांची 'डॉल्फिन' आणली. अंग फायबरचे, वजन कमी, ८४८ घनसेंटिमीटरचे इंजिन. रॅलीवाल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली, पण घरच्या माणसांनी नाही. तिचीच पुढे चार दारांची मोंटाना झाली. पुण्याच्या टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा काढली, बाजूला दोनच दारे आणि मागे न उघडणारी मोठी काच. ते नाव २०२५ च्या नोव्हेंबरात परत आले ते चार दारे घेऊन. नव्वदीच्या अखेरीस बंगळूरच्याच एका कंपनीने सॅन स्टॉर्म नावाची निखळ दोन माणसांची गाडी रेनोचे इंजिन घालून विकून पाहिली. काकतीवरून जाणाऱ्या हमरस्त्यावर ती मी एकदाही पाहिली नाही, आणि इथे बसून आम्ही गाड्या पाहण्याखेरीज फारसे काही करत नाही.

हा हमरस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग चार, आताचा अठ्ठेचाळीस. राणी चन्नम्माचे हे माहेरगाव त्याच्या कडेला आहे. मुंबई-पुण्याची गाडी खाली बंगळूरला आणि बंगळूरची वर जाते ती आमच्या डोळ्यांदेखत. होनग्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारे माझे माजी विद्यार्थी मला रस्त्यात भेटतात. त्यांतला एक गाड्यांच्या कोणत्या तरी भागाला केसाइतक्या अचूकतेने घासतो, पण तो भाग कुठल्या गाडीत बसतो ते त्याला ठाऊक नाही. विचारले तर म्हणाला, "सर, ड्रॉइंगवर नंबर असतोय फकस्त."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गाडी घेऊन निपाणीला गेलो. केए बावीसची नवीकोरी पाटी, मागे तवंदी घाटात एमएच नऊवाला एक तरुण दिवे मारत होता. मी पाय दाबला. वळणावर गाडी जमिनीला धरून राहिली आणि पंचावन्नाव्या वर्षी माझ्या तोंडून शीळ निघाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "शाळेतल्या पोरांनी बघितलं तर?" मग त्यांनीच काच खाली केली.

मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. काठी टेकत अंगणात आला, गाडीला प्रदक्षिणा घातली, उतरत्या छपरावरून हात फिरवला. मागचे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "आईला नेता आलं असतं," एवढेच म्हणाला. नंतर पुढे येऊन बॉनेट उघडायला लावले. आत सगळे काळ्या प्लास्टिकने झाकलेले. वाकून वाकून पाहिले, आणि मला विचारले, "इंजिन कुठाय रे?"