शेतकीखात्याच्या हाती काय असते?



१९७२ सालच्या दुष्काळात मी दहाअकरा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या रेशनच्या दुकानात त्या वर्षी तांबड्या रंगाची परदेशी ज्वारी येत असे. तिला सारे लोक मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. एके रात्री जेवताना माझे वडील म्हणाले, "आपण शेतकरी, आणि आपली भाकरी बोटीतून यावी!" ते पुढे काही बोलले नाहीत. त्या एका वाक्यात केवढा इतिहास साठविलेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी, शाळेत मुलांस इतिहास शिकविताना उमगले. देशाच्या शेतकीखात्याने पुढारीपण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा आजचा विषय त्या वाक्यातूनच निघालेला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संरक्षणखात्याच्या हाती सैन्य असते, रेल्वेखात्याच्या हाती आगगाड्या असतात. परंतु शेतकीखात्याच्या हाती शेत नसते. नांगर शेतकऱ्याचा, बैल शेतकऱ्याचा, आणि पाऊस तर कोणाचाच नव्हे. त्यातून आपल्या राज्यघटनेने शेती हा विषय राज्यांच्या यादीत घातलेला आहे. मग दिल्लीतील खात्याने हुकूम सोडावा तरी कोणावर? तात्पर्य, हे खाते हुकमतीवर चालणारे नाही. ते विश्वासावर चालणारे आहे. हा विश्वास कधी गमावला गेला व कधी कमावला गेला, हेच त्याच्या इतिहासाचे सार होय.

या खात्याचा जन्म १८७१ सालचा. लॉर्ड मेयो हे त्या वेळी व्हाइसरॉय होते. मँचेस्टरच्या गिरण्यांस हिंदुस्थानचा चांगला कापूस हवा होता, आणि त्यांची निकड या जन्मामागच्या कारणांपैकी एक होती. खात्याचे नाव ठेवले महसूल, शेती व व्यापार. नावातच महसूल पहिला, शेती दुसरी! चिटणीस नेमले ॲलन ह्यूम, म्हणजे ज्यांनी पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला तेच गृहस्थ. ह्यूमसाहेबांस शेतीची खरी कळकळ होती. पण महसुलाच्या ओझ्याखाली शेती दबून गेली. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. सोलापूर, अहमदनगर, विजापूर या जिल्ह्यांत माणसे व गुरे पटापट मेली. आणि पाहा दैवदुर्विलास, त्या दुष्काळाच्या पाठोपाठ १८७९ साली काटकसरीचे निमित्त सांगून सरकारने हे खातेच बंद केले. पुढे दुष्काळ आयोगाने १८८० साली कान उपटले, तेव्हा कोठे १८८१ साली ते पुन्हा उघडले गेले.

या दुसऱ्या जन्मात एक चांगली गोष्ट घडली. डॉक्टर व्होएल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून आले. येथील अडाणी रयतेस शहाणे करावयाचे, अशी त्या वेळच्या साहेबलोकांची समजूत असे. व्होएल्करांनी देशभर हिंडून १८९३ साली आपला वृत्तांत प्रसिद्ध केला आणि स्वच्छ लिहिले की, चांगला हिंदी शेतकरी हा सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत त्याहून सरस आहे. तो शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, सरपण नाही म्हणून. सरपणाची सोय करा, म्हणजे खत आपोआप शेतात जाईल. श्रोतेहो, शाळेत पोराचे गणित चुकले की छडी उगारणारा मास्तर निराळा, आणि ते का चुकले हे त्याच्याजवळ बसून पाहणारा निराळा. व्होएल्कर या दुसऱ्या जातीचे होते.

पुढे १९०५ साली बिहारात पुसा येथे संशोधनसंस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडल्यावर ती दिल्लीस नेण्यात आली. शाही शेतकी आयोगाने १९२८ साली मोठा अहवाल दिला. ज्ञान वाढले, वृत्तांत वाढले. मात्र शेतकऱ्याच्या कणगीत भर पडली नाही. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, यावरून त्या साऱ्या ज्ञानाचे मोल काय ते ठरते.

स्वातंत्र्यानंतर या खात्याशी आपल्या महाराष्ट्राचा निकटचा संबंध आला. अमरावतीकडील डॉक्टर पंजाबराव देशमुख हे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. ऑक्सफर्डची विद्वत्ता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीची ओळख त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. शेतकऱ्यास स्वतःची संघटना हवी, हे जाणून त्यांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. खात्याने नुसते सांगावयाचे नाही, ऐकावयाचेही आहे, आणि ऐकावयाचे तर बोलणारा संघटित हवा, हा त्यातील मर्म होय.

परंतु खरी कसोटी लागली ती १९६४ नंतर. त्या वर्षी लालबहादूर शास्त्रींनी सी. सुब्रह्मण्यम यांजकडे अन्न व शेतीखाते सोपविले. ज्या खात्यात मंत्र्याची कीर्ती बुडते, अशी त्या खात्याची ख्याती होती. लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. अमेरिकेची बोट बंदरास लागावी, तेव्हा शहरांत चूल पेटावी, अशी लाजिरवाणी स्थिती झाली.

सुब्रह्मण्यम यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, त्यांनी संशोधनपरिषदेची सूत्रे शास्त्रज्ञाच्या हाती दिली. १९६५ साली बी. पी. पाल हे तिचे महासंचालक झाले. दुसरी, त्याच वर्षी किमती सुचविणारा आयोग व धान्य विकत घेणारे अन्न महामंडळ उभे राहिले. कारण पीक वाढून भाव कोसळणार असेल तर शेतकऱ्याने अधिक पिकवावे तरी कशाला? तिसरी गोष्ट सर्वांत धाडसाची. मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे त्यांनी १९६६ साली आणविले. त्यावर काहूर उठले. परदेशी बियाण्यावर एवढा पैसा का, रोग आला तर काय, लहान शेतकऱ्याने खतपाणी कोठून आणावे, असे प्रश्न विचारले गेले. आणि ते सारेच अनाठायी नव्हते. डॉक्टर स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ, शिवरामन यांच्यासारखे सचिव व आपल्या नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे हे या कामी मंत्र्यांचे सहकारी होते. नव्या वाणांची प्रात्यक्षिके सरकारी मळ्यात न करता शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात करण्यात आली. मंत्रिमहाशयांनी तर दिल्लीतील आपल्या बंगल्यापुढची हिरवळ नांगरून तेथे नवा गहू पेरला. शेतकऱ्यास सांगावयाचे ते आधी आपल्या अंगणात करून दाखवावयाचे, याहून मोठे पुढारीपण ते कोणते?

फळ आले. १९६६–६७ साली गहू सुमारे १ कोटी १४ लाख टन झाला होता, तो पुढच्याच वर्षी १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. मात्र ते पीक मळणीस येण्यापूर्वीच, १९६७ च्या निवडणुकीत, सुब्रह्मण्यम पराभूत झाले होते. पेरणारा एक आणि कापणीच्या वेळी मिरविणारे दुसरे, ही या खात्याची जुनीच रीत आहे.

या यशाची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी इतिहासाचा मास्तर कसला? गहू व भात पुढे गेले. आमच्या कोरडवाहू मुलखातील ज्वारी, बाजरी, तूर मागे राहिली. म्हणून तर गव्हाची क्रांती झाल्यावरही १९७२ साली आमच्या ताटात मिलो आला. पंजाबात विहिरींचे पाणी खोल खोल गेले. ज्यांनी कोठारे भरली, त्यांच्याच घरांत पुढे कर्ज शिरले. डॉक्टर स्वामिनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली २००४ साली शेतकरी आयोग नेमावा लागला. २०१५ साली खात्याच्या नावात 'शेतकरी कल्याण' हे शब्द आले. म्हणजे आरंभी महसूल, मग धान्य, आणि शेतकरी सर्वांच्या शेवटी! नावातही त्यास स्थान मिळावयास १४४ वर्षे लागली.

आता तो शब्द पाटीवरून शेतात उतरला पाहिजे. २०२० साली संसदेने केलेले तीन शेतीकायदे मोठ्या आंदोलनानंतर २०२१ साली मागे घेतले गेले. त्या कायद्यांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण आधी शेतकऱ्याशी बोलावे, मग कायदा करावा, एवढा धडा दोन्ही पक्षांनी त्यातून घेण्यासारखा आहे.

माझे वडील आज नाहीत. भाकरी आता बोटीतून येत नाही, एवढे मी त्यांस अभिमानाने सांगू शकलो असतो. पण त्यांनी जर विचारले असते, "आणि ती पिकविणारा पोटभर जेवतो ना?" तर मला खाली मान घालावी लागली असती. ज्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर मान वर करून देता येईल, त्या दिवशी या खात्याचे काम खऱ्या अर्थाने झाले असे आपण म्हणू.