पंचगंगेचं सांडपाणी : शहर म्हणतं गावं, गावं म्हणतात शहर, जबाबदारी नेमकी कुणाची?

कोल्हापूर : उन्हाळ्यात नदीची धार मंदावली की तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या येतात आणि जुना वाद पुन्हा पेटतो. शिरोळ तालुक्यातल्या गावांचं बोट कोल्हापूर शहराकडे. शहराकडून उत्तर येतं, नदीकाठची गावं, साखर कारखाने आणि इचलकरंजीतले प्रोसेस यांचं पाणी कोण मोजणार? तथ्य दोन्हीकडे आहे. पण जबाबदारी सारखी नाही.

नदी प्रयाग चिखलीपासून कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्यामुळे वरच्यानं सोडलेलं खालच्याच्या वाट्याला येतं. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, लोक दगावले.

76 एमएलडी म्हणजे काय?

एक एमएलडी म्हणजे रोजचे 10 लाख लिटर. कोल्हापूरचं कसबा बावडा केंद्र 76 एमएलडीचं, म्हणजे 7 कोटी 60 लाख लिटरचं. दुधाळीचं 17 एमएलडी. आकडे मोठे आहेत, पण ही क्षमता झाली. पाणी केंद्रापर्यंत पोचलं तरच ते शुद्ध होणार. जयंती नाल्याचं मैलापाणी अडवून पंपानं उचलून बावड्याला न्यावं लागतं. पंप बंद पडला, पाइप फुटली किंवा पावसात नाला भरून वाहिला, की तेच पाणी थेट नदीत. त्यामुळे ‘आमची क्षमता पुरेशी आहे’ एवढं उत्तर अपुरंच.

कुणाचं काम कुठलं?

शहराच्या मैलापाण्याची व्यवस्था महापालिकेची. 1949 च्या महापालिका अधिनियमात ते बंधनकारक काम आहे. गावातली गटारं ग्रामपंचायतीकडे. कारखाने असोत की पालिका, 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली कारवाईचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

गावाचा हिशेबही बघा. जलजीवन मिशनचं माणशी 55 लिटर पाणी आलं की साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. 4,000 वस्तीच्या गावात रोज 1 लाख 76 हजार लिटर. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावांना यासाठी माणशी 280 रुपये दर ठरला, म्हणजे या गावाला 11 लाख 20 हजार. एवढ्यात शहरासारखी ड्रेनेज लाइन होत नाही. शोषखड्डे, परसबाग आणि गटाराच्या तोंडाशी स्थिरीकरण तळं, एवढं मात्र जमतं. नळ आधी आणि गटार नंतर, हीच बहुतेक गावांची अडचण.

माहिती कशी मागायची?

माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत 30 दिवस. क्षमता विचारू नका, ती सगळ्यांना माहीत आहे. केंद्रात रोज प्रत्यक्ष किती पाणी आलं त्या मीटरच्या नोंदी, उपसा पंप बंद असल्याच्या तारखा आणि मंडळाचे पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल मागा.